जुन्या बंगल्याशेजारी गॅरेजवरची खोली बांधताना

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तुविषयक पुरवणीत जुन्या बंगल्यांच्या नूतनीकरणाची छायाचित्रे अलीकडे वरचेवर येतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बेत एकच असतो. मूळ बंगला दुरुस्त करायचा, आवारात गॅरेज बांधायचे आणि त्यावर न्हाणीघर-स्वयंपाकघरासह एक छोटे स्वतंत्र घर काढायचे. बेत चांगला आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना, लग्न झालेल्या मुलाला किंवा भाडेकरूला स्वतःचे दार मिळते आणि जुन्या घरातल्या भिंती पाडाव्या लागत नाहीत. पण ही दोन्ही कामे एकाच अंदाजपत्रकात, एकाच ठेकेदाराकडून आणि एकाच सिमेंटच्या पोत्यातून उरकायची पद्धत पडली आहे, आणि नुकसान तिथूनच सुरू होते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे अभियंते आणि कारागीर म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

चुन्यात बांधलेली दीड-दोन फूट जाडीची भिंत पाणी अडवत नाही. पावसात ती थोडे पाणी पिते आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देते. सांध्यातला चुना विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा मऊ असतो. त्यामुळे इमारत किंचित हलली तरी ताण सांध्यात जिरतो, वीट फुटत नाही. काँक्रीटच्या चौकटीची नवी इमारत नेमकी उलट चालते. ती ताठ असते आणि पाणी पृष्ठभागावरच थोपवायचे या हिशेबावर ती उभी असते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतले, पण ते सर्रास वापरात यायला पुढे कित्येक दशके गेली. म्हणून शंभराहून अधिक वर्षे जुन्या बंगल्याची भिंत चुन्याची आहे असे धरूनच सुरुवात करावी. खात्रीसाठी आतल्या सांध्यातला माल चाकूच्या टोकाने खरवडून पाहावा. चुना पिठासारखा सुटतो, चांगल्या सिमेंटवर जेमतेम ओरखडा उठतो.

अशा भिंतीला ओल दिसली की पहिला उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा होतो आणि वर जलरोधक रंग. एक-दोन वर्षे भिंत कोरडी दिसते. मग गिलाव्यावर केसाएवढ्या चिरा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. पूर्वी गुडघ्याएवढ्या उंचीवर सुकून जाणारी ओल आता वर चढत खिडकीच्या पातळीपर्यंत पोहोचते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही येतात. गिलाव्याच्या मागे पाणी सुकते तिथे त्यांचे स्फटिक बनतात, आणि स्फटिक वाढताना विटेचा तोंडचा थर उचलून काढतात. गिलाव्यावर बोटाने ठोकल्यावर आवाज पोकळ आला, तर मागे हेच चालू असते. त्यावर पुन्हा सिमेंट लावले की हाच प्रकार अर्धा फूट वर सुरू होतो.

त्यामुळे हातोडी उचलण्याआधी पाणी कुठून येते ते ठरवावे. खालून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत असते आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ सोडते. वरून किंवा बाजूने येणारी ओल डागाच्या रूपात दिसते आणि तो डाग बहुतेक वेळा फुटक्या पन्हाळीच्या, तुटलेल्या कौलाच्या किंवा गळक्या नळाच्या थेट खाली असतो. तिसरी ओल खोलीतल्या हवेतलीच, गार भिंतीवर जमणारी. शेवटच्या दोहोंत गोंधळ झाला, तर भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दोष हवा न खेळण्याचा आहे. भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे.

खालून चढणाऱ्या ओलीचे कारण पुष्कळदा जमिनीची वाढलेली पातळी हेच असते. वर्षानुवर्षे माती, फरशी, पेव्हर ब्लॉक एकावर एक चढत जातात आणि जोते अर्धे गाडले जाते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली हवी आणि भिंतीपासून दूर, दर ५० मिलिमीटरला एक मिलिमीटर उतरती हवी. भिंतीला खेटून केलेले काँक्रीट फोडून तिथे अर्धा मीटर रुंदीची खडीची पट्टी ठेवावी. तेवढ्याने भागले नाही, तर ३०० मिलिमीटर रुंदीचा चर खणून, त्यात गाळणी कापड अंथरून १०० मिलिमीटर व्यासाची सच्छिद्र नळी शंभरास एक या उताराने टाकावी आणि वर खडी भरावी. हा चर पायाच्या तळाखाली कधीही जाता कामा नये. हे केल्यावर भिंत सुकायला महिने लागतात. जाड भिंतीला वर्षही लागते. या काळात आतून काहीही लावू नये, हे मालकाला पटवणे सगळ्यात अवघड जाते.

सिमेंटचा गिलावा काढताना आधी एक चौरस मीटरचा तुकडा छिन्नी-हातोडीने काढून बघावा. तो विटेचे तोंड घेऊन येत असेल, तर घाई करू नये. जो भाग पोकळ वाजतो तेवढाच काढावा आणि बाकीचा सुटेपर्यंत राहू द्यावा. सांधे मोकळे करायला ग्राइंडर वापरला की पाते उभ्या सांध्यात हमखास वरच्या-खालच्या विटेत घुसते आणि ती खाच कायमची राहते. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल, हातानेच उकरावे. मग सांधा धुऊन ओला करावा आणि नवा चुना दाबून भरावा. वरवर फासलेला चुना पहिल्या पावसात गळून पडतो.

चुन्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण हे ज्ञान कामावरून झपाट्याने नाहीसे होत आहे. कळीचा, म्हणजे भट्टीतून निघालेला कोरडा चुना पाण्यात टाकून विरवायचा असतो, चुन्यावर पाणी ओतायचे नसते. पाणी उकळते आणि अंगावर उडते, त्यामुळे डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. विरलेला चुना चाळून, वर चार बोटे पाणी ठेवून निदान तीन महिने मुरू द्यावा. न विरलेली बारीक कळी तशीच राहिली, तर ती गिलाव्यात लावल्यानंतर फुगते आणि भिंतीवर टिकल्या उडतात. त्याचे खापर गवंड्यावर फुटते, पण चूक मुरवण्यातली असते. माल साधारण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा. वाळू खरखरीत, बारीक-जाड दाण्यांची, धुतलेली असावी, खारी कधीच नसावी. जोत्याजवळ किंवा पावसाच्या माऱ्याच्या बाजूला एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटेचा भुगा आणि दोन भाग वाळू घ्यावी. सुरखी मंद भाजलेल्या विटेची असावी. करपलेल्या विटेचा भुगा चुन्याशी फारसा संयोग करत नाही, नुसता वाळूसारखा पडून राहतो.

गिलाव्याचा एक थर १० मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. जाड थर स्वतःच्या वजनाने ओघळतो आणि सुकताना तडकतो. चुना सुकून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी होतो, आणि हा बदल वरून आत महिन्याला सुमारे एक मिलिमीटर एवढ्या संथपणे सरकतो. त्याला ओलावा लागतो, म्हणून उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटे टांगून आठवडाभर तरी भिंत दमट ठेवावी. दोन थरांमध्ये किमान आठवड्याचे अंतर असावे आणि शेवटी दुधाएवढ्या पातळ चुन्याच्या सफेदीचे चार-पाच हात द्यावेत. जाड दोन हात दिले तर पापुद्रे सुटतात. प्लास्टिकच्या इमल्शनने ही सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण भिंतीचा श्वास पुन्हा बंद होतो.

तड्यांच्या बाबतीत घाबरून काँक्रीटचे पट्टे बांधू नयेत. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून, तारीख लिहून ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही ऋतूंत अंतर मोजावे. ऋतूनुसार उघडमीट होऊन मूळ जागी येणारा तडा चुन्याने भरला की पुरते. एकाच दिशेने वाढत जाणारा, किंवा बोटभर रुंद आणि वर रुंद-खाली अरुंद असा तडा मात्र पाया खचल्याचे सांगतो. तिथे आधी गळके गटार आणि जवळचे मोठे झाड तपासावे.

छपरात सगळ्यात घातक काम पोटमाळा मोकळा करण्याच्या हौसेपोटी होते. कैचीची आडवी तुळई डोक्याला लागते म्हणून ती कापतात किंवा दोन फूट वर सरकवतात. पण वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि ती ढकल ही तुळईच धरून ठेवते. ती गेली की कौलांच्या वजनाने भिंतींची वरची बाजू हळूहळू बाहेर कलते, आढे खाली येते आणि गिलाव्यात छताला समांतर तडा जातो. आधी ओळंबा सोडून चारही भिंतींची नोंद केलेली असेल, तरच हे वेळेत कळते. मंगलोरी कौले चौरस मीटरला पंधराएक लागतात आणि तेवढ्यांचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते. त्यांच्या जागी हलके पत्रे घातले तर छप्पर वाऱ्याने उचलले जायचे, म्हणून वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधावे लागतात. मूळ कौले ठोकून पाहावीत. खणखणीत वाजणारी परत वापरावीत आणि ती सगळी दर्शनी बाजूला एकत्र लावावीत. नवी कौले मागच्या उतारावर घ्यावीत. जुन्या-नव्या कौलांच्या मापात थोडा फरक असतो आणि एकाच ओळीत ती मिसळली की जीभ नीट बसत नाही, तिथून पाणी येते.

तुळयांची टोके भिंतीत शिरतात तिथे सडतात, मधे क्वचितच. दाभण टोचून पाहावे. सहज आत गेले तेवढा भाग गेलेला. पूर्ण तुळई बदलण्याऐवजी सडलेले टोक कापून त्याच जातीचे सुकलेले लाकूड तिरक्या सांध्याने जोडता येते. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट-चौपट हवी आणि त्यातून बोल्ट हवेत. नवे टोक भिंतीत बसवताना बाजूंनी आणि समोरून १० ते १५ मिलिमीटर हवेची फट सोडावी. सिमेंटने ठासून भरले की ते पुन्हा सडणारच. दारे-खिडक्यांचे जुने रंग काढताना सावध राहावे, कारण त्यांत शिसे असण्याचा संभव असतो. कोरडे घासू नये आणि बर्नरने जाळू नये. ओले करून खरवडावे आणि तो कचरा वेगळा बांधावा. खिडकीचा फक्त खालचा आडवा भाग कुजलेला असतो, तेवढाच बदलावा. जुने सागवान पुन्हा त्या प्रतीचे मिळत नाही.

आता गॅरेज. आमच्या मते त्यावरच्या खोलीचे खरे मोल वाढीव जागेपेक्षा दुसऱ्या गोष्टीत आहे. जुन्या घराला जे सोसत नाही ते सगळे तिथे नेता येते. लाकडी तक्तपोशीवर वरच्या मजल्यावर दोन नवी न्हाणीघरे काढायची, कौलांवर हजार लिटरची टाकी ठेवायची, चुन्याच्या भिंतीत वातानुकूलन यंत्रांसाठी भोके पाडायची, या मागण्या प्रत्येक नूतनीकरणात येतात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ती टाकी, गरम पाण्याचा संच, सौर पट्ट्या, कपडे धुण्याचे यंत्र आणि निदान एक न्हाणीघर नव्या चौकटीच्या माथी घालावे. नव्या न्हाणीघराच्या फरशीत ४८ तास पाणी साठवून खालून छत पाहता येते. जुन्या तक्तपोशीची अशी चाचणी घेताच येत नाही.

जागा ठरवताना लोक गाडीचे वळण बघतात, पण आधी मैल्याच्या नळाचा उतार बघावा. आवाराच्या मागच्या कोपऱ्यापासून मुख्य चेंबर २५ मीटरवर असेल, तर ११० मिलिमीटरच्या नळाला चाळीसास एक उताराने ६२५ मिलिमीटर आणि साठास एक उताराने सुमारे ४२० मिलिमीटर खोली लागते. चेंबरमध्ये नळाचा तळ तेवढा खोल नसेल, तर एकतर जागा बदलावी किंवा पंप बसवावा. पाया भरल्यावर हे लक्षात आले, तर उतार कमी करून काम भागवले जाते आणि नळ दर वर्षी तुंबतो. उतार फार जास्त दिला तरीही पाणी पुढे पळते आणि घन भाग मागे राहतो. प्रत्येक वळणावर चेंबर हवे आणि हवेचा नळ वरच्या खोलीच्या खिडक्यांच्या वर न्यावा.

असलेल्या गॅरेजवर मजला चढवायचा मोह होतो. त्याआधी पायाशी दोन ठिकाणी खड्डे खणून पाहावे. एकट्या गाडीसाठी बांधलेल्या खोलीचा पाया पुष्कळदा फूट-दीड फूटच असतो. वरची ९ इंची विटेची तीन मीटर उंच भिंत लांबीच्या दर मीटरला सुमारे १.३ टन देते. त्यात चार मीटर गाळ्याच्या काँक्रीट स्लॅबचा अर्धा वाटा, फरशी आणि माणसे-सामान धरून आणखी सव्वा टन येतो. छपरासह पायावर दर मीटरला अडीच-तीन टनांचा नवा भार पडतो. हलक्या वायुमिश्रित ब्लॉकची २०० मिलिमीटरची भिंत घेतली, तर भिंतीचा वाटा ४०० किलोपर्यंत उतरतो, पण स्लॅबचा तसाच राहतो. शंका असेल तिथे जुन्या गॅरेजच्या बाहेरून स्वतंत्र पायावर चार खांब उभे करून वरचा मजला त्यांच्यावर घ्यावा.

नवा पाया जुन्या बंगल्याजवळ खणताना नियम एवढाच. नव्या पायाचा तळ जुन्यापेक्षा जितका खाली, निदान तितके आडवे अंतर दोहोंत हवे. मोकळ्या मातीत त्याच्या दुप्पट. शेजारी खोल चर उघडा ठेवून पाऊस आला, तर जुन्या पायाखालची माती सरकते आणि कोपरा खचतो. बंगला आणि गॅरेज जोडायचेच असतील, तर मधे हलक्या छपराची पडवी घ्यावी. तिचे खांब नव्या बाजूला असावेत आणि जुन्या भिंतीला ती टेकू नये. २५ ते ५० मिलिमीटर फट ठेवून वरून जस्ताच्या किंवा शिशाच्या पत्र्याची झाकणपट्टी द्यावी. ताठ स्लॅब जुन्या भिंतीत खाच पाडून घुसवला की दोन इमारती वेगवेगळ्या खचतात आणि तडा नेमका त्या सांध्यात उभा राहतो. नव्या छपराचे पाणी जुन्या भिंतीकडे वळवू नये. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर चौरस मीटर छपरावरून तासाला पाच हजार लिटर पाणी उतरते. दोन उतारांमधली पन्हाळ पानांनी तुंबली की ते सगळे भिंतीत जाते.

गॅरेजच्या दाराची बाजू ही या इमारतीची दुखरी जागा आहे. खाली मोठे भगदाड, दोन्ही बाजूंना बारीक खांब आणि वर भिंतींनी भरलेली जड खोली. भूकंपात खालचा मजला एकटाच लचकतो आणि वरचा अख्खा त्यावर बसतो. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात एका गृहसंकुलाचा तळमजला असा चिरडून १६ जण मेले. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या, खाली गाड्या लावायच्या अनेक इमारती कोसळल्या. दोन मजली छोट्या इमारतीलाही तत्त्व तेच लागू आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंतीचे तुकडे घ्यावेत, वरची तुळई त्यांच्याशी ताठ जोडावी आणि खांबांतल्या उभ्या सळ्यांभोवतीच्या कड्या सांध्याजवळ दाट ठेवाव्यात. दोन गाड्यांसाठी पाच मीटरच्या एका दारापेक्षा मधे खांब घेऊन अडीच मीटरची दोन दारे बरी. मागची भिंत भरीव आणि पुढची पूर्ण उघडी असेल, तर इमारत पिळवटते, हेही आराखड्यात धरायला हवे.

माणसे गाडीच्या वर झोपणार आहेत, म्हणून आगीचा आणि धुराचा विचार टाळता येत नाही. १२५ मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब, सळ्यांवर योग्य आवरण असेल तर, तासभर आगीला तोंड देतो. पण त्यातून गेलेले प्लास्टिकचे नळ वितळतात आणि तिथे आग वर यायला भोक तयार होते. त्या प्रत्येक नळाभोवती उष्णतेने फुगून भोक बंद करणारी कडी बसवावी. वरचा जिना गॅरेजच्या आतून न घेता बाहेरून घ्यावा. आतून घ्यावाच लागला, तर दार आगरोधक आणि आपोआप बंद होणारे हवे. गॅरेजची फरशी जिन्याच्या उंबऱ्यापेक्षा १०० मिलिमीटर खाली आणि बाहेरच्या दाराकडे उतरती ठेवावी, म्हणजे सांडलेले पेट्रोल आणि त्याची जड वाफ आत येणार नाही. स्विच आणि सॉकेट फरशीपासून निदान ४५० मिलिमीटर वर. आत समोरासमोर खाली-वर जाळ्या ठेवाव्यात आणि वरच्या झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावावी. गाडीच्या धुरातल्या या विषारी वायूला वास नसतो. जुन्या गॅरेजवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू-कापू नयेत. ओले करून अख्खे उतरवावेत आणि गुंडाळून स्वतंत्रपणे पाठवावेत.

विजेचा हिशेबही आधीच करावा. सात किलोवॉटचा गाडीचा चार्जर, दोन किलोवॉटचा पाणी तापवणारा संच, दीड किलोवॉटचे वातानुकूलन आणि दोन किलोवॉटची शेगडी एकाच वेळी चालली तर साडेबारा किलोवॉट होतात. दिवे आणि पंख्यांसाठी टाकलेली बंगल्याची मुख्य तार हे सोसणार नाही. गॅरेजला मीटरपासून वेगळी तार, वेगळी वितरणपेटी, वेगळे अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच द्यावा. तारेचा चर ६०० मिलिमीटर खोल घ्यावा आणि त्यात पुढच्या गरजेसाठी एक रिकामी नळी टाकून ठेवावी. बंगल्यात मात्र भिंती उकरून नळ्या पुरू नयेत. आडवी खाच भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशाहून खोल गेली की भिंत कमकुवत होते. पोटमाळ्यातून तारा फिरवाव्यात आणि खाली लाकडी पट्टीतून उघड्या उतरवाव्यात.

दिसण्याबद्दल थोडेच. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने सांगितले आहे की जोडकामावर आपल्या काळाचा ठसा असावा आणि ते मूळ रचनेहून वेगळे ओळखू यावे. जुन्या महिरपींची सिमेंटमध्ये नक्कल करण्यापेक्षा गॅरेजची उंची बंगल्याच्या पागोळीखाली ठेवणे, छपराचा उतार जुळवणे आणि साधे राहणे पुरेसे आहे.

कामांचा क्रमही बदलायला हवा. आधी बंगल्याची मापे, छायाचित्रे, ओळंबे. मग पाण्याचा बंदोबस्त आणि गळते छप्पर तात्पुरते झाकणे. त्यानंतर गॅरेज आणि वरची खोली पूर्ण करावी. खोदकामाच्या आणि ट्रकच्या हादऱ्याने जुन्या गिलाव्यात चिरा पडायच्या असतील तर त्या नव्या गिलाव्याआधी पडतात, उतरवलेली दारे-कौले ठेवायला कोरडी जागा मिळते आणि घरची माणसे वरच्या खोलीत राहू शकतात. तोवर बंगल्याच्या भिंतीही सुकत असतात. मग छप्पर, लाकूडकाम, तारा, गिलावा आणि शेवटी रंग.

करारही दोन असावेत. गॅरेजचे आराखडे पक्के असतात, त्यामुळे ते एकरकमी द्यायला हरकत नाही, दहा टक्के राखीव पुरतात. बंगल्यात गिलावा उतरवल्यावर काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसते. तिथे एकरकमी दर मागितला, तर ठेकेदार एकतर भीतीपोटी आकडा फुगवतो किंवा सडलेले झाकून टाकतो. बंगल्याचे काम मोजमापावर, बाबवार दराने द्यावे आणि पाव रक्कम राखीव ठेवावी. करारात सिमेंट कुठे वापरायचे नाही ते लिहावे. गवंड्याकडून आधी एक चौरस मीटर गिलावा आणि एक मीटर सांधे भरून घ्यावेत, महिनाभर पाहावेत आणि तो नमुना काम संपेपर्यंत तसाच ठेवावा. दोन्ही करारांतली शेवटची दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत रोखून धरावी. ती देण्याआधी पन्हाळी, चेंबर, गॅरेज आणि बंगल्यामधली फट, तड्यांच्या खुणा आणि तुळयांची टोके ठेकेदाराला बरोबर घेऊन पुन्हा तपासावीत.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे काही अभियंते व कारागीर